लोकसाउंड ५ आणि लोकप्रोग्रामर: इंजिनाचा आवाज बदलायचा तर पैसे कशावर घालायचे

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. मॉडेल रेल्वेच्या इंजिनात आवाजासाठी बसवायचा ईएसयू कंपनीचा लोकसाउंड ५ डीकोडर मस्तच आहे, पण खरी घ्यायची वस्तू म्हणजे त्याच्या जोडीचा लोकप्रोग्रामर, म्हणजे कॉम्प्युटरवरून डीकोडरमध्ये आवाज लिहिणारी पेटी. डीकोडर एका इंजिनात जाऊन बसतो आणि तिथलाच होतो. लोकप्रोग्रामर मात्र आज घरात असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्या लोकसाउंड इंजिनांना पुरतो, आणि तो हातात असला की सेकंड हँड बाजारात इंजिन बघायची नजरच बदलते, कारण "आवाज चुकीचा आहे" हा दोष उरतच नाही, फक्त सॉकेट कुठलं आहे आणि मोटर ठीक चालते का एवढंच बघायचं.

ज्यांना डीसीसी नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डीसीसी म्हणजे मॉडेल रेल्वे चालवायची डिजिटल पद्धत, तिच्यात रुळांवर कायम साधारण १४-१५ व्होल्ट असतात आणि त्याच विजेतून कंट्रोलर आकड्यांत हुकूम पाठवतो, प्रत्येक इंजिनातला डीकोडर स्वतःचा नंबर आला की तेवढंच ऐकतो आणि मोटर, दिवे, आवाज चालवतो. पद्धत मूळची जर्मनीतल्या लेन्झ कंपनीची, नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं ती स्टँडर्ड म्हणून स्वीकारली, आणि त्यामुळंच आज व्हिएन्नाच्या झिमोचा, कोलोरॅडोतल्या साउंडट्रॅक्सचा आणि जर्मनीतल्या नॉय-उल्मच्या ईएसयूचा डीकोडर एकाच रुळावर एकाच कंट्रोलरनं पळतात. स्टँडर्ड नसतं तर हा सगळा रिव्ह्यूच लिहिता आला नसता.

चिप बदलणं हे एकेकाळी अक्षरशः चिप बदलणंच होतं. ब्रॉडवे लिमिटेड या अमेरिकन मॉडेल कंपनीच्या सुरुवातीच्या इंजिनांत क्यूएसआयचा क्वांटम बोर्ड यायचा, त्यावर एक चौकोनी पीएलसीसी चिप सॉकेटमध्ये दाबून बसवलेली असायची. अपग्रेड हवा असेल तर नवी चिप मागवायची, जुनी चिप खास चिमट्यानं समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून वर ओढायची आणि कापलेला कोपरा बघून नवी बसवायची. अशी इंजिनं अजून शोमध्ये स्वस्तात मिळतात आणि चालतातही, पण आता त्या वाटेला जाऊ नका असंच मी सांगेन, कारण आज आवाज फ्लॅश मेमरीत असतो, चिपला हात न लावता रुळावरूनच लिहिता येतो. हातानं बदलायचा तो अख्खा डीकोडर, आणि तोही प्लगचा.

प्लगचे प्रकार मात्र नीट समजून घ्या, नाहीतर डीकोडर घरी येतो आणि बसतच नाही. जुन्या इंजिनांत ८ पिनचं सॉकेट असतं, म्हणजे एनईएम ६५२, वायरींचा झुपका लावलेला. छोट्या इंजिनांत आणि एन स्केल या बारक्या मापात ६ पिन किंवा हल्ली नेक्स्ट१८. एचओ म्हणजे १:८७ मापाच्या युरोपियन इंजिनांत प्लक्स२२ बरंच दिसतं. आणि मग २१ पिन, २१एमटीसी, जे अमेरिकन एचओमध्ये आता खूप कंपन्या देतात. माझी पसंती २१ पिनला, कारण स्पीकरच्या दोन पिनासुद्धा त्यातच आहेत, ८ पिनसारखी स्पीकरला वेगळी वायर न्यावी लागत नाही, सोल्डरिंग आयर्न काढायचीसुद्धा गरज नाही.

२१ पिन बदलताना नक्की काय दिसतं ते सांगतो, कारण मॅन्युअलमध्ये याचं एवढंसं चित्र असतं. शेल काढला की मधोमध इंजिनाचा मेन बोर्ड दिसतो, त्यावर दोन रांगांत बारीक सोनेरी पिना उभ्या असतात, दोन पिनांमधलं अंतर १.२७ मिलिमीटर, म्हणजे नखाच्या टोकाखाली दोन-तीन पिना येतील एवढं. या २२ जागांतली ११ नंबरची पिन मुद्दाम ठेवलेलीच नाही, आणि डीकोडरच्या सॉकेटमध्ये तेवढं एकच भोक बंद असतं. हाच तुमचा रखवालदार. डीकोडर हातात घेऊन उजेडात ते बंद भोक शोधा, बोर्डवर रिकामी जागा शोधा, दोन्ही एकावर एक आले की मगच दाबा, आणि दाबताना दोन बोटांनी दोन्ही टोकांवर सारखा जोर द्या. काढताना एका बाजूनं उचकटू नका, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडं प्लास्टिकची पट्टी मिळते ती घ्या आणि या टोकाला थोडं, त्या टोकाला थोडं असं करत सरळ वर काढा, पिन एकदा वाकली की सरळ करताना तुटते. स्क्रू ड्रायव्हर तर अजिबात नको, डीकोडरच्या पोटाखाली सुद्धा बारीक पार्ट असतात आणि ते खरवडून निघतात.

बसवल्यावर लगेच मेन लाइनवर ठेवू नका. प्रोग्रामिंग ट्रॅकवर ठेवा, तिथं करंट मुद्दाम कमी दिलेला असतो, कुठं शॉर्ट असेल तर डीकोडर वाचतो. पहिलं काम म्हणजे सीव्ही ८ वाचायचा, सीव्ही म्हणजे डीकोडरमधलं नंबर दिलेलं एकेक सेटिंग. हा कंपनीचा नंबर, १५१ आला तर ईएसयू, १४१ साउंडट्रॅक्स, १४५ झिमो, ९९ लेन्झ. बरोबर नंबर आला म्हणजे रुळापासून चाकापर्यंत, चाकापासून बोर्डापर्यंत आणि बोर्डापासून मोटरपर्यंत सगळी साखळी जुळली, कारण डीकोडर उत्तर देतो तेच मोटरला क्षणभर करंट देऊन, इंजिन जागेवर किंचित थरथरतं तेच ते उत्तर. थरथर नाही तर आधी चाकं पुसा, मग प्लग बघा, आणि मगच डीकोडरला दोष द्या.

आता खरी गंमत, म्हणजे एका इंजिनातला डीकोडर दुसऱ्या इंजिनात. लोकांना वाटतं प्लग एक आहे म्हणजे काम झालं, तर तसं नाही, डीकोडर आपला सगळा संसार बरोबर घेऊन जातो. जुना अॅड्रेस, जुन्या मोटरसाठी केलेलं ट्यूनिंग, जुने दिवे, सगळं. सेकंड हँड डीकोडरमध्ये सगळ्यात जास्त त्रास देणारा आकडा म्हणजे सीव्ही १९, आधीच्या मालकानं दोन इंजिनं जोडून चालवली असतील तर त्या जोडीचा नंबर त्यात पडून असतो, आणि मग इंजिन तुमच्या अॅड्रेसवर दिवे लावतं पण जागचं हलत नाही, आणि माणूस मोटर खोलत बसतो. सीव्ही १९ मध्ये शून्य टाका. नाहीतर सरळ सीव्ही ८ मध्ये ८ लिहून फॅक्टरी रिसेट करा, अॅड्रेस ३ वर येतो, आवाजाची फाइल जागेवर राहते.

मग ऑटोट्यून. लोकसाउंडमध्ये सीव्ही ५४ मध्ये शून्य लिहायचं आणि एफ१ दाबायचं, इंजिन एकदम फुल स्पीडनं थोडंसं पळतं आणि थांबतं, तेवढ्यात डीकोडरनं त्या मोटरचा स्वभाव ओळखलेला असतो. समोर थोडा मोकळा रूळ ठेवा, टेबलाच्या कडेकडे तोंड करून हे करू नका. यानंतर पहिल्या स्पीड स्टेपला इंजिन इतकं हळू सरकतं की चाकाचे आरे मोजता येतात, आणि बाकी काही नाही केलं तरी एवढं तरी प्रत्येकानं करावं असं मला मनापासून वाटतं. कितीतरी लोकांची चांगली इंजिनं निव्वळ हे न केल्यानं धक्के खात चालतात.

दिव्यांचा घोळ वेगळा, आणि याबद्दल मला कंपन्यांवर राग आहे. २१ पिनमध्ये पुढचा मागचा दिवा आणि पहिले दोन जादा आउटपुट साधारण सगळीकडं सारखे असतात, पण त्यापुढचे आउटपुट काही डीकोडर पूर्ण ताकदीचे देतात आणि काही फक्त लॉजिक लेव्हलचे, म्हणजे नुसता इशारा, दिवा पेटवण्याइतका करंट नाही, तो बोर्डवरच्या ट्रान्झिस्टरनं द्यायचा. माझ्याकडच्या एका कंपनीच्या इंजिनात बोर्ड एका पद्धतीचा आणि त्याच कंपनीच्या पुढच्या वर्षीच्या इंजिनात दुसऱ्या पद्धतीचा निघाला, डबा तोच, मॅन्युअल तेच, त्यामुळं डीकोडरची अदलाबदल केल्यावर एकाचे डिच लाइट, म्हणजे पुढचे खालचे दोन दिवे, कायमचे बंद. बोर्डवर काय आहे हे छापायला एक ओळ लागते, ती कोणी छापत नाही. ईएसयूनं निदान आपल्या डीकोडरचे दोन प्रकार वेगळे ठेवलेत, लॉजिक लेव्हलवाल्याच्या नावात एमकेएल असतं, घेताना ते बघून घ्या.

स्पीकरकडं दुर्लक्ष करू नका, डीकोडर सगळ्यात जास्त इथंच जळतात. लोकसाउंडच्या ३.५ पिढीला १०० ओमचा स्पीकर लागायचा, ४ नंबरच्या पिढीपासून आणि आता ५ मध्ये ४ आणि ८ ओमचे चालतात. म्हणजे जुन्या इंजिनात नवा डीकोडर टाकला आणि जुनाच १०० ओमचा स्पीकर ठेवला तर आवाज अगदी क्षीण येतो, आणि उलट केलं, जुन्या डीकोडरला ८ ओमचा स्पीकर जोडला, तर त्याचा अॅम्प्लिफायर गेलाच म्हणून समजा. मल्टिमीटर लावून बघायला अर्धा मिनिट लागतो, ८ ओमचा स्पीकर मीटरवर सातच्या आसपास दाखवतो. मी तर हल्ली जुना काढून शुगर क्यूबच टाकतो, ११ बाय १५ मिलिमीटरचा, मोबाइल फोनमध्ये असतात त्या जातीचा, आणि त्याची प्लास्टिकची डबी मागून हवाबंद करतो. डबी नसेल तर पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि इंजिन डबड्यात बोलल्यासारखं वाटतं. वायर बाहेर येते त्या भोकाला सुद्धा गोंदाचा थेंब द्या, फरक कानाला लगेच कळतो.

आता लोकप्रोग्रामर. डब्यात एक छोटी काळी पेटी, तिचा पॉवर सप्लाय, सिरीयल केबल आणि यूएसबीचा अडॅप्टर. पेटीतून दोन वायरी निघतात त्या एखाद्या सुट्या रुळाच्या तुकड्याला जोडायच्या, मेन लेआउटपासून पूर्ण तोडलेल्या, आणि इंजिन त्यावर ठेवायचं. सॉफ्टवेअर ईएसयूच्या साइटवरून फुकट, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आवाजाच्या फाइली पण फुकट, अमेरिकन, जर्मन, ब्रिटिश, वाफेची, डिझेलची, इलेक्ट्रिकची, शोधत बसलात तर संध्याकाळ जाईल. फाइल उघडायची, अॅड्रेस टाकायचा, लिही म्हणायचं. मोठी फाइल असेल तर वेळ लागतो, लिहून होईपर्यंत रुळाला हात लावू नका आणि लॅपटॉपला झोपू देऊ नका. डाउनलोड करताना डीकोडरची पिढी बघून घ्या, ४ च्या आणि ५ च्या फाइली वेगळ्या आहेत.

आणि एक गोष्ट आधी करा, फार महत्त्वाची आहे. सीव्हीचे आकडे डीकोडरमधून परत वाचता येतात पण आवाज परत वाचता येत नाही. लिहिला की जुना गेला. म्हणून ओरिजिनल फाइल ईएसयूच्या किंवा इंजिनाच्या कंपनीच्या साइटवर मिळते का ते आधी बघा, ती उतरवून ठेवा, सगळे सीव्ही वाचून कॉम्प्युटरवर सेव्ह करा आणि मगच नवीन लिहा. जुन्या बाजारात सिलेक्ट नावाचे लोकसाउंड मिळतात, दिसायला तसेच, पण त्यात फक्त ईएसयूनं सिलेक्टसाठी बनवलेल्या फाइली चढतात, स्वतःचं रेकॉर्डिंग टाकता येत नाही. पुढं मी जे सांगणार आहे ते करायचं असेल तर सिलेक्ट घेऊ नका.

मी हे सगळं केलं ते एका आल्कोसाठी. वेस्ट स्प्रिंगफील्डला जानेवारीत अॅमहर्स्ट रेल्वे सोसायटीचा जो मोठा शो भरतो तिथं एचओमधलं एक सी-६२८ मिळालं, आवाज नसलेलं, २१ पिन सॉकेटचं, शेलवर ओरखडे म्हणून स्वस्त. आता आल्को म्हणजे आपल्याकडच्या कोणाला समजवायची गरज नाही, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीची ही कंपनी, १९६२ पासून भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन तिनंच आधी पाठवलं आणि मग वाराणसीच्या कारखान्यात ते बनायला लागलं, २६०० हॉर्सपॉवर, १६ सिलिंडरचं २५१ जातीचं इंजिन. कंपनी १९६९ मध्ये बंद पडली पण तिचं इंजिन आपल्याकडं पुढं कितीतरी वर्षं बनत राहिलं. अमेरिकेतल्या सी-६२८ मध्ये सुद्धा १६ सिलिंडरचं २५१ च आहे, आणि खाली बोगी बघितली तर तीन आक्सलमधलं अंतर तसंच असमान, तीच ट्रायमाउंट. कोयना किंवा महालक्ष्मीनं पुण्यापुढं गेलेल्या माणसाला ही बोगी लांबून ओळखू येते, पुणे शेडच्या आल्को शिंदवणे घाटातून कोल्हापूरच्या बाजूला वर्षानुवर्षं गाड्या ओढत होत्या.

तर ईएसयूच्या यादीत आल्कोच्या २५१ चे वेगवेगळे आवाज आहेत, त्यातला १६ सिलिंडरचा घेतला, डीकोडरवर चढवला, आणि खोटं नाही सांगत, आयडलिंगला ऐकून अंगावर काटा आला. ती लंगडी धडधड, दोन ठोके जवळ आणि मग एक लांब, जी ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या इंजिनात कधीच नसते, ती जशीच्या तशी आहे. लोकसाउंड ५ मध्ये आवाज १६ बिटचा आणि एका वेळी १० चॅनेल चालतात, त्यामुळं इंजिन, टर्बोची शीळ, रेडिएटरचा पंखा, कॉम्प्रेसर, बेल, ब्रेकची हवा हे सगळं एकत्र वाजलं तरी काही तुटत नाही. लोकसाउंडच्या ४ पिढीत ८ चॅनेल होते आणि मेमरी ३२ मेगाबिट, ५ मध्ये १२८ मेगाबिट, म्हणजे प्रत्येक नॉचचे, म्हणजे थ्रॉटलच्या पायरीचे, रेकॉर्डिंगचे तुकडे लांब ठेवता येतात आणि तोच तोच आवाज फिरून येतोय असं कानाला कळत नाही. दोन पिढ्या शेजारी ठेवून ऐकल्या तर आयडलिंगवरच ओळखता येतं.

पण आल्कोचा खरा स्वभाव आवाजाच्या दर्जात नाही, तो चालवण्यात आहे, आणि इथं ईएसयूनं फुल थ्रॉटल नावानं जे दिलंय त्याला माझ्याकडून पूर्ण मार्क. आल्कोला नॉच दिला की आधी डिझेल जास्त येतं आणि टर्बो मागून पोचतो, म्हणून तो प्रसिद्ध काळा धूर, आणि म्हणूनच आवाजातही आधी ठोका जड होतो आणि शीळ मागाहून चढते, गाडी मात्र अजून जागेवरच असते, अठरा डब्यांचं वजन हलायला वेळ लागतो. साध्या साउंड डीकोडरमध्ये नॉब फिरवला की वेग आणि आवाज एकदम वाढतात, खेळण्यासारखं. इथं ड्राइव्ह होल्ड दाबलं की वेग आहे तिथंच पकडून ठेवतो आणि नॉब फक्त इंजिनाचा आवाज वर-खाली करतो. म्हणजे चढावर गाडी वीसच्या वेगानं सरकतेय आणि इंजिन आठव्या नॉचवर ओरडतंय, आणि उतारावर वेग तोच पण इंजिन आयडलिंगला, हे दोन्ही करता येतं. रन ८ आणि कोस्ट अशी दोन बटणं वेगळी पण आहेत, एकानं सुटताना पूर्ण ताकद, दुसऱ्यानं इंजिन शांत. घाटातली गाडी कानानं ओळखणाऱ्या माणसाला हे मिळालं की दुसरं काही नको वाटतं.

हॉर्न मात्र अमेरिकन. नेथनचा पाच सुरांचा हॉर्न सुंदर आहे, त्याबद्दल वादच नाही, पण डब्ल्यूडीएम-२ च्या डोक्यावरचे दोन हॉर्न, एक जाड आणि एक बारीक, ते वेगळेच. लोकप्रोग्रामर असल्यामुळं तेवढाच तुकडा बदलता येतो. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाइल हवी, १६ बिट, ३१.२५ किलोहर्ट्झ, मोनो, आणि त्याचे तीन भाग करायचे: हॉर्न सुरू होतो तो भाग, मधला जो बटण दाबून धरलं की फिरत राहतो तो, आणि सोडल्यावर विझत जातो तो. मधल्या तुकड्याची सुरुवात आणि शेवट लाट शून्यावर असतानाच कापली पाहिजे, नाहीतर प्रत्येक फेरीला टिक् असा आवाज येतो. फुकटचं ऑडॅसिटी सॉफ्टवेअर याला पुरतं, खूप झूम करून शून्य रेषेवर कात्री लावायची. पहिल्या दाबातच भोंग्यासारखा सूर लागत नाही, आत हवा भरताना तो किंचित खालून वर चढतो, तो चढ पहिल्या तुकड्यात ठेवा, कापून टाकू नका, कारण हॉर्न खरा वाटतो तो त्या चढामुळं.

फॅक्टरीतून आवाज फार मोठा येतो हे ही सांगितलं पाहिजे. सीव्ही ६३ हा मास्टर व्हॉल्युम, कमाल १९२, आणि येतानाच १८० वर असतो, बेसमेंटमध्ये चार इंजिनं एकत्र उभी केली तर बोलणं ऐकू येत नाही. मी ९० च्या आसपास ठेवतो आणि मग प्रत्येक आवाज वेगळा कमी-जास्त करतो, इंजिन थोडं वर, बेल बरीच खाली. लोकप्रोग्रामरमध्ये हे सरकपट्टीनं होतं, नुसत्या कंट्रोलरवरून करायचं तर आधी सीव्ही ३१ आणि ३२ मध्ये पान निवडायचं आणि मग पुढचे सीव्ही, कंटाळवाणं काम. छोट्या स्पीकरची एक मर्यादा आहे आणि ती कुठल्याच डीकोडरनं जात नाही, एवढ्याशा पडद्यातून खालचा बेस निघत नाही, आल्कोची छातीत बसणारी धडधड एचओमध्ये अर्धीच मिळते, ओ या मोठ्या स्केलवाल्यांना ती जास्त मिळते.

साउंडट्रॅक्सचा त्सुनामी २ डीकोडर घ्यावा का असं बरेच जण विचारतात. कॉम्प्युटर नको असेल तर जरूर घ्या, त्यात बरीच इंजिनं, हॉर्न आणि बेल आधीच भरलेल्या असतात, सीव्हीचा आकडा बदलला की दुसरा हॉर्न, आणि त्यांचा आवाज गोड आहे. पण त्यात जे भरलंय तेवढंच, स्वतःचं रेकॉर्डिंग टाकायला जागा नाही, आणि माझ्यासाठी प्रश्न तिथंच संपतो. झिमोचे एमएस मालिकेचे डीकोडर १६ बिटचे, मोटर कंट्रोल अप्रतिम, युरोपियन वाफेच्या इंजिनांसाठी मी डोळे मिटून झिमो सांगेन, अमेरिकन डिझेलच्या आवाजांचा साठा मात्र ईएसयूकडं मोठा आहे.

लोकप्रोग्रामरच्या तक्रारी पण आहेत. सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, मॅकवाल्यांनी जुना विंडोज लॅपटॉप बाजूला ठेवावा हेच बरं. फंक्शन मॅपिंगचा तक्ता पहिल्यांदा उघडला की छाती दडपते, कुठलं बटण, कुठल्या दिशेला, गाडी उभी असताना की चालताना, कुठला दिवा, कुठला आवाज, सगळं एका मोठ्या कोष्टकात. एकदा समजलं की एवढं ताकदवान दुसरं काही नाही, पण ते समजवायला मॅन्युअल अपुरं पडतं. तयार फाइलीतलं मॅपिंग आधी तसंच चालवा आणि एका वेळी एकच ओळ बदलून बघा. ज्यांना फक्त सीव्ही बदलायचे आहेत, आवाज लिहायचा नाही, त्यांना जेएमआरआयचं डीकोडरप्रो फुकट आहे आणि ते मॅकवर, लिनक्सवर पण चालतं, त्यांनी लोकप्रोग्रामर घेऊ नये.

किमतीचं म्हणाल तर अमेरिकेत डीकोडर शंभर-सव्वाशे डॉलरच्या घरात आणि लोकप्रोग्रामर त्याहून जास्त, म्हणजे एकाच इंजिनासाठी हा खर्च परवडत नाही. एकच इंजिन असेल तर कोरा डीकोडर घेताना दुकानदारालाच हवी ती फाइल चढवून मागा, बरेच जण पैसे न घेता करून देतात. तीन-चार इंजिनं झाली की लोकप्रोग्रामर घ्या. त्यावर पैसे उरले तर ईएसयूचा डीकोडर टेस्टर पण बघा, ८ पिन, २१ पिन, प्लक्स, नेक्स्ट१८ सगळी सॉकेटं एका बोर्डवर, मोटर आणि स्पीकर त्यातच, शोमधून आणलेला जुना डीकोडर इंजिनात घालण्याआधी टेबलावरच तपासता येतो. अमेरिकेत लोकसाउंडचं फक्त डीसीसी चालवणारं व्हर्जन मिळतं, मेर्कलिन कंपनीची मोटोरोला किंवा एमएफएक्स पद्धत वापरत नसाल तर तेच घ्या.

भारतात बसून हा छंद करणाऱ्यांसाठी तर आवाज बदलण्याचा मार्ग अजूनच योग्य आहे असं मला वाटतं, कारण खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, बाहेरून नवं साउंड इंजिन मागवणं म्हणजे किंमत जवळजवळ दुप्पट. घरात असलेल्या २१ पिनच्या इंजिनात डीकोडर टाकणं त्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचं. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून ज्यांना हे वेड लागलं असे पुण्यात पुष्कळ आहेत, दोघा-चौघांनी मिळून एक लोकप्रोग्रामर घेतला तरी सगळ्यांचं भागेल.

माझ्या आल्कोचं एकच काम राहिलंय. नेटवरून मिळालेला डब्ल्यूडीएम-२ चा हॉर्न मी टाकला आहे पण त्यात मागं फलाटावरची माणसं आणि वारा ऐकू येतो, मधला तुकडा स्वच्छ कापता येत नाही. कोणाकडं पुणे किंवा कल्याण शेडच्या आल्कोचं जवळून, फिरत्या वाऱ्याशिवाय केलेलं रेकॉर्डिंग असेल, जाड आणि बारीक हॉर्न वेगवेगळे असतील तर फारच उत्तम, तर कळवा. फक्त व्हॉट्सअॅपवरून पाठवू नका, तिथं फाइल दाबली जाते आणि वरचे सूर जातात, रेकॉर्डरमधली मूळ फाइलच हवी, आणि शक्यतो हॉर्न निदान चार-पाच सेकंद सलग धरलेला.